वाढलेला कुत्रा घरगुती मालकाकडून घेताना काय तपासायचं

हाळीचा बाजार असो नाहीतर माळेगावची यात्रा, बैल घ्यायला गेलेला मराठवाड्यातला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला, ते पक्कं करतो. मग चालवून बघतो, खुरं बघतो, पाठीवरून हात फिरवतो, "खोड काही?" असं विचारतो. विकणारा "बिनखोड हाय" म्हणाला तरी जुंपून बघितल्याशिवाय भाव ठरवायला रुमालाखाली हात घालत नाही. तोच माणूस कुत्रा घ्यायला निघाला की मोबाईलवरचे दोन फोटो आणि "लई शांत हाय" एवढ्या एका वाक्यावर गाडी काढतो.

पिल्लू घेतलं तर त्याला वळण लावणं आपल्या हातात असतं. दोन-तीन वर्षांचा कुत्रा येतो तो सवयी, भीती, आजार, लाड सगळं घेऊनच. यात तोटा नाही, उलट फायदाच आहे. त्याचा आकार किती होणार, भुंकतो किती, लेकरांशी कसा वागतो, शी-शू कुठे करतो, हे पिल्लाच्या बाबतीत अंदाजाने ठरवावं लागतं आणि मोठ्या कुत्र्यात समोर दिसतं. फक्त ते बघावं लागतं. आणि मालक जे सांगतो ते कुत्र्याच्या अंगावर आणि कागदावर दिसतंय का, हे ताडून घ्यावं लागतं. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या ताडून बघण्याबद्दलच आहे.

विकायला का काढलाय?

पहिला प्रश्न किमतीचा नको, हा असावा. खरी कारणं पुष्कळ असतात. पुण्याला बदली झाली, भाड्याच्या घरात मालक कुत्रा ठेवू देईना, सासऱ्यांना आता फिरवणं होत नाही, बाळाला दमा निघाला. पण न सांगितलेली कारणंही तेवढीच असतात. शेजाऱ्याच्या पोराला चावला, रात्रभर केकाटतो, कोंबड्या मारतो, फिट येते, औषधांचा खर्च झेपेना.

"चावतो का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" हेच येणार. प्रश्न थोडा फिरवून विचारला की चित्र बदलतं. साधारण असं:

"काका, चावतो का हो?"

"छे छे, लई गरीब हाय. लेकरं अंगावर खेळतेत."

"मग शेवटचं कुणावर गुरगुरला?"

"तसं दूधवाल्यावर गुरगुरतो थोडं. दूधवाल्यावर तर सगळेच कुत्रे गुरगुरतेत."

"दात लागला का कधी त्याला?"

"लागला म्हणजे, ओरखडा. इंजेक्शनं घेतली त्यानं."

काका खोटं बोलत नव्हते. रोज बघून बघून त्यांना ते विशेष वाटेनासं झालं होतं. म्हणून मत विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा: कुणाला, कधी, कुठे, टाके पडले का. एकटा ठेवला तर काय करतो? फटाक्यांना काय करतो? दवाखान्यात शेवटचा कधी नेला आणि कशासाठी? तुमच्या आधी कुणाकडे होता? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा चाचरत उत्तर येतं. कुत्रा तिसऱ्या घरी चाललेला असेल तर पहिल्या दोन घरांतून का निघाला, ते कळायलाच पाहिजे.

सौदा करायला घरातला पुरुष पुढे असतो, पण कुत्र्याला रोज भाकरी-दूध घालणारी बहुतेक घरातली आई नाहीतर वहिनी असते. खरी माहिती तिच्याकडे. "मावशी, याला काय आवडत नाही?" एवढं विचारून गप्प बसा. ती सांगेल की ताटाजवळ गेलेलं चालत नाही, आंघोळीला हात लावू देत नाही, काठी दिसली की अंगावर येतो.

घरगुती मालक म्हणून जाहिरात टाकणारा कधीकधी व्यापारीच असतो. एकाच नंबरवरून चार वेगवेगळे कुत्रे विकायला दिसतात, घरी बोलवायचं टाळून हायवेवरच्या हॉटेलसमोर भेटायचं म्हणतो, कुत्रं त्याला हाक मारल्यावर बघतसुद्धा नाही. धंदा म्हणून कुत्र्यांची पैदास आणि विक्री करणाऱ्याला २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर तो लपवणार नाही. आणि "बुकिंगचे पैसे आधी फोनवरून टाका, कुत्रा गाडीने पाठवतो" म्हणणाऱ्याकडे कुत्रा असेलच असं नाही. कुत्रा राहतो तिथे जाऊन, डोळ्यांनी बघून, मगच पैसे. यात सवलत देऊ नका.

शक्य झालं तर दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी. वेदनाशामक किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर लंगडणं आणि खाज काही दिवस दबून राहते. सकाळी शांत दिसलेला कुत्रा संध्याकाळी गेटवर काय करतो, तेही कळतं.

वय: इथे बैलाचा हिशोब चालत नाही

बैलाचे कायमचे दात पाचेक वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून दात मोजून वय निघतं. कुत्र्याचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात सहा-सात महिन्यांतच पूर्ण होतात. म्हणजे त्यानंतर मोजणीचा काही उपयोग नाही. एक वर्षाचा आणि सहा वर्षांचा कुत्रा दोघेही ४२ दाती. उरतो तो दातांची झीज आणि त्यावर चढलेलं पिवळं-तपकिरी किटण यावरून बांधायचा अंदाज, आणि तोही कच्चा. दगड किंवा साखळी चावायची सवय असेल तर तीन वर्षांतच सुळे बोथट होतात.

मग ताळा कुठून घ्यायचा? लसीकरणाच्या कार्डावर पहिली लस कधीची आहे ते बघा. पिल्लाची पहिली लस साधारण दीड-दोन महिन्यांची असताना होते. चार वर्षांपूर्वीची नोंद असेल आणि मालक दोन वर्षांचा सांगत असेल, तर एक तर कार्ड दुसऱ्या कुत्र्याचं आहे नाहीतर वय. डोळ्यांत बघा. साधारण सात वर्षांच्या पुढे बुबुळाच्या आत निळसर धुरकटपणा येतो. तो मोतीबिंदू असेलच असं नाही, पण कुत्रा बहुधा तरुण नाही. तोंडावरचे पांढरे केस कमी भरवशाचे, काहींचे लवकर पिकतात.

कार्ड वाचायचं कसं

"सगळे डोस झालेत" याला कागदाशिवाय अर्थ नाही. कार्डावर प्रत्येक लसीपुढे बाटलीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा नोंदणी क्रमांक असावा. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा असतील तर त्या दवाखान्यात फोन करून विचारा. कुत्र्याचं वर्णन, रंग, नर-मादी हे समोरच्या कुत्र्याशी जुळतंय ना बघा.

दोन गोष्टी लागतात. रेबीजची लस, आपल्याकडे दरवर्षी देतात. आणि पार्वो, डिस्टेंपर, कावीळ, लेप्टो या आजारांवरची एकत्रित लस, जिला दवाखान्यात सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन म्हणतात. कार्ड हरवलं असेल तर सौदा मोडायची गरज नाही. डॉक्टर पुन्हा लस देतात, त्याने अपाय होत नाही. तो खर्च किमतीत धरायला सांगा म्हणजे झालं.

रेबीजबद्दल एक प्रश्न वेगळा विचारा: गेल्या काही महिन्यांत याला गल्लीतलं कुत्रं किंवा रानातलं जनावर चावलंय का? रेबीजची लक्षणं चावल्यावर लगेच दिसत नाहीत. बहुधा काही आठवडे ते काही महिने जातात, आणि एकदा दिसली की इलाज नाही. लस नाही, अंगावर चाव्याची जुनी खूण आहे, आणि मालक आठवत नाही म्हणतो, तर मी असा कुत्रा लेकरं असलेल्या घरात लगेच आणणार नाही. डॉक्टरांशी बोलून मगच.

अंगावरून हात फिरवताना

हिरड्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या पडतात आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजेत. पांढुरक्या किंवा पिवळट हिरड्या दिसल्या तर तिथेच थांबा. कानात वास घ्या, आंबूस घाण वास आणि काळा मळ म्हणजे कानाचं दुखणं. पट्टा काढायला लावून मान बघा. केस जाऊन कातडी कडक झाली असेल तर कुत्रा दिवस-रात्र साखळीला असतो, आणि "घरात मोकळा असतो" ही गोष्ट खोटी ठरली.

अंगात ताप आहे का हे हाताने कळत नाही. कुत्र्याचं तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, नाक ओलं आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका.

आता गोचीड. आपल्या भागात वाढलेल्या कुत्र्याला घेताना सगळ्यांत जास्त वेळ मी यावर घालवीन. कुत्र्याची तपकिरी गोचीड कोरड्या, गरम हवेत मजेत राहते. कुत्र्याच्या अंगावर नसते तेव्हा भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, गोठ्याच्या कुडात दडते, आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. ती नुसतं रक्त पीत नाही, रक्तातले आजारही देते: एर्लिकिया, बबेसिया. लोक सगळ्यालाच गोचीडताप म्हणतात. जेवण सुटणं, ताप, मलूलपणा, हिरड्या पांढऱ्या पडणं, आणि कधी नाकाचा घोळणा फुटणं ही त्याची लक्षणं. फसवणारी गोष्ट अशी की एर्लिकिया अंगात असूनही कुत्रा महिनोन्‌महिने धडधाकट दिसू शकतो. खातो, खेळतो, फोटोत छान दिसतो. नवीन घरी आला, खाणं बदललं, ताण पडला की आजार वर येतो. मग नवा मालक म्हणतो "जुन्याने फसवलं", जुना म्हणतो "माझ्याकडे तर ठणठणीत होता", आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

म्हणून कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी नीट बघा. भिंतीकडेही नजर टाका, कुत्रा बांधतात तिथल्या भेगांत गोचिड्या चढताना दिसतात. दिसल्या नाहीत तरी रक्ताची तपासणी करून घ्या. साध्या रक्तगणनेत प्लेटलेट्स कमी आल्या तर डॉक्टरांना संशय येतो, आणि गोचीडतापाची किट तपासणी काही मिनिटांत होते. एर्लिकिया वेळेत सापडला तर बहुधा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांच्या जवळपास महिनाभराच्या कोर्सने बरा होतो. म्हणजे तपासणीत सापडणं हे कुत्रा न घेण्याचं कारण नाही. न तपासता घेऊन दोन महिन्यांनी रक्त चढवायची वेळ येणं, हे टाळायचंय.

लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड असेल तर मागचे पाय बघा. बसलेला उठवा, दोन-चार पायऱ्या चढवा. उठताना कष्ट पडतात का, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का? तसं असेल तर खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मादी असेल तर माजावर शेवटची कधी आली, कुत्रा लागला होता का, पिल्लं किती वेळा झाली, नसबंदी झाली का, हे विचारा. गाभण काळ जवळपास ६३ दिवसांचा, तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे पोटावरून काहीच कळत नाही. माज संपल्यानंतरच्या काही आठवड्यांत पाणी खूप पिते, मलूल आहे, मागून घाण वाहतं, तर ते गर्भाशयात पू झाल्याचं लक्षण असू शकतं आणि ते जिवावर बेततं. मोकळा फिरलेला नर किंवा मादी असेल तर लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त येतं का तेही बघा. समागमातून पसरणारी एक गाठ भटक्या आणि मोकळ्या कुत्र्यांत नेहमी आढळते. ती औषधाने बरी होते, पण दवाखान्याच्या खेपा पडतात.

हे सगळं आपल्याला जमेलच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी कुत्रा डॉक्टरांकडे न्यायचा. मालकाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जुनी नोंद मिळते, तपासणी मात्र दुसऱ्याकडून करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशींचं काम चालतं, पण प्राथमिक तपासणी तिथेही होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय असतं. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तपासणीचा खर्च घेणाऱ्याने करायचा, आणि मालक तपासणीलाच नाही म्हणत असेल तर त्याचं ते नाही हेच आपल्याला हवं असलेलं उत्तर समजायचं.

स्वभाव: बघायचा, डिवचायचा नाही

गेल्या गेल्या डोक्यावर हात ठेवू नका. बाजूला बसा, त्याला वास घेऊ द्या. पाच-दहा मिनिटांत जवळ आला तर उत्तम. भुंकून मग शांत झाला तरी चालेल. कोपऱ्यात शेपूट पोटात घालून थिजलेला कुत्रा "शांत" नसतो, घाबरलेला असतो, आणि घाबरलेला कुत्राच जास्त करून चावतो.

मालकाला पट्टा लावून रस्त्यावर फिरवायला सांगा, मग तुम्ही धरा. मोटरसायकल, शेळ्या, सायकलवरचं पोर, दुसरं कुत्रं यांच्याकडे बघून काय करतो? जेवण घातल्यावर मालकाला भांड्याजवळून जायला सांगा. कुत्र्याने खाणं थांबवून अंग ताठ केलं आणि डोळ्याच्या कडेने बघितलं, की समजा. भांड्यात स्वतः हात घालून बघण्याचा शहाणपणा करू नका. घरी लेकरं असतील तर ही एक गोष्ट मी सगळ्यांत वर धरीन.

कारवानी कुत्र्याबद्दल थोडं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे त्याची हौस मोठी. कर्नाटकातल्या मुधोळच्या नावाने तो देशभर ओळखला जातो आणि २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हे उपासमारीचं लक्षण नाही, बांधाच तसा. पाठीच्या मणक्यांची रांग आणि कमरेची हाडं टोचत असतील तर मात्र तो खरंच खंगलाय. हलणाऱ्या वस्तूमागे धावणं त्याच्या रक्तात आहे, तेव्हा शेळ्या-कोंबड्या असलेल्या घरी नेताना त्यांच्यासमोर एकदा उभा करून बघा. आणि विकणारा "ससा सोडत नाही" असं कौतुकाने सांगत असेल तर ते कौतुक तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे.

याच्या उलट हस्की आणि सेंट बर्नार्ड. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तिथे या केसाळ कुत्र्यांना एसीशिवाय ठेवणं म्हणजे छळ. उन्हाळ्याच्या तोंडावर स्वस्तात निघालेली हस्की स्वस्त का आहे, याचं उत्तर विजेच्या बिलात असतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचंही उन्हात तेच.

कागद

केनेल क्लब ऑफ इंडियाचं जातीचं सर्टिफिकेट आहे असं सांगितलं, तर कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर सर्टिफिकेटवरचा आणि कुत्र्याच्या अंगातला एकच आहे का, ते दवाखान्यात स्कॅनर असेल तर वाचून घ्या. मालकी बदलाचा अर्ज जुन्या मालकाच्या सहीने होतो, तेव्हा ती सही सौद्याच्या दिवशीच घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत. सर्टिफिकेट जातीचं असतं, तब्येतीचं नसतं. नुसता घरात ठेवायचा असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची मला तरी गरज वाटत नाही.

बाकी साध्या कागदावर लिहून घ्या: दोघांची नावं, कुत्र्याचं वर्णन, वय, किंमत, माहीत असलेले आजार, चावल्याचा इतिहास, आणि किती दिवसांत कोणत्या कारणाने परत देता येईल. "चावल्याचा इतिहास नाही" हे वाक्य लिहून सही करायची वेळ आली की पुष्कळांना आठवायला लागतं. महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा. कुत्रा घरी आला की जबाबदारी तुमची. जनावर आवरण्यात हयगय करून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

घरी आणल्यावर

उन्हाळ्यात आणायचा असेल तर पहाटे निघा, वाटेत पाणी द्या, बंद गाडीत ठेवून चहाला उतरू नका. जुन्या घरातली त्याची गोधडी आणि आठवडाभर पुरेल एवढं नेहमीचं खाणं मागून घ्या. नवं खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळा. नाव बदलू नका. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट अंगणात नको, बाहेर मोकळ्या जागी पट्टा लावून करा. पाहुणे, लेकरांचा घोळका, आंघोळ, हे सगळं पहिले काही दिवस लांबवा. खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो, काहींचा त्याहूनही उशिरा. त्यामुळे परतीची मुदत निदान तीन आठवड्यांची तरी मागा.

या काळात चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा. जुन्या मालकाने दिलेलं कार्ड तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

गेट मात्र पहिला महिनाभर बंद ठेवा. मोठा कुत्रा जुनं घर शोधत निघतो. पहिल्याच दिवशी पट्ट्यावर स्वतःचा मोबाईल नंबर लावा, आणि जुन्या मालकाला सांगून ठेवा की दारात येऊन बसला तर फोन करा.